कॅम्पेनमधलं शहर कसं उभं करायचं: नकाशा आधी नको

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन, मिळून गोष्ट रचायचा खेळ. त्यातल्या लांबलचक गोष्टीला कॅम्पेन म्हणतात आणि ती चालवणाऱ्याला डीएम. नवा डीएम शहर करायला बसला की आधी तटबंदी काढतो. मग मधोमध किल्ला, शेजारी देऊळ, एका कोपऱ्यात चोरांची टोळी, आणि उरलेल्या जागेत घरांचे चौकोन. मीही हेच केलं होतं. तीन आठवडे खपून ६४ क्रमांक दिलेल्या इमारती काढल्या. पार्टी (प्लेअरच्या पात्रांचा जथा) आली, वेशीजवळच्या तबेल्यात घोडे बांधले, भाड्यावरून तबेलेवाल्याशी वाजलं आणि अख्खं सेशन, म्हणजे खेळाची एक बैठक, तबेल्यातच गेलं. पुढच्या सेशनला सगळे शहर सोडून निघाले. त्या तबेलेवाल्याला माझ्याकडे साधं नावही नव्हतं.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत, आणि क्रम मोडला की घोळ कुठे होतो तेही जागोजागी सांगितलं आहे. आकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. दुसरा खेळ खेळत असाल तर तिथले घ्या, पद्धत तीच राहते. उदाहरणासाठी माझ्या कॅम्पेनमधलं एक शहर घेतो: सातवेस, वस्ती ४,०००.

## बसण्याआधीची तयारी

एक वही, पेन्सिल आणि दोन तास. दोन तासांचा गजर खरोखर लावा, नाहीतर तिसऱ्या तासाला तुम्ही नगराध्यक्षाच्या आजोबांची वंशावळ लिहीत बसाल.

आधी दोन गोष्टी बघा. पार्टी इथे किती सेशन राहणार? एकच रात्र असेल तर पायरी १, ५ आणि ८ पुरे. पाच-सहा सेशनचा मुक्काम असेल तर सगळ्या करा. दुसरं, जुन्या नोंदी चाळा. एखाद्या प्लेअरने तिसऱ्या सेशनला सहज म्हटलेलं असतं, "माझी मावशी तिकडे असते." ती मावशी वहीत सगळ्यात वर लिहा. डीएम विसरला तरी प्लेअर असली वाक्यं विसरत नाहीत.

शेवटी एका पानावर वीस नावं लिहून ठेवा, दहा बायकांची, दहा पुरुषांची. कुणाची ते आत्ता ठरवू नका. नावं तोंडात बसणारी हवीत. झ्यॉर्क्थाल वगैरे नाव टेबलावर दुसऱ्या मिनिटाला "तो झ्या" होतं.

## पायरी १: शहर नेमकं तिथेच का?

हे वाक्य पूर्ण करा: "इथे सगळ्यांना थांबावं लागतं, कारण…"

थांबावं लागतं, हा यातला कळीचा शब्द. माल एका वाहनातून दुसऱ्यात जातो तिथे वस्ती होते: होडीतून गाडीत, गाडीतून बैलाच्या पाठीवर. नदीला उतार किंवा पूल एकाच ठिकाणी असेल तर तिथेही. लंडनला शतकानुशतकं थेम्सवर एकच पूल होता. आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे नाणेघाट. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतला माल घाट चढून जुन्नरकडे जायचा. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण अजून उभा आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. शहर सुचत नसेल तर एकदा तिथे जाऊन घाटाच्या कड्यावरून खाली कोकणात बघा, अर्धं काम होतं.

सातवेस असंच घाटमाथ्यावर आहे. खालून येणारा माल लमाणांच्या बैलांवर येतो, कारण घाटातून गाडी चढत नाही. वर आल्यावर तोच माल गाड्यांवर चढतो. एवढं ठरलं की दुकानांची यादी आपोआप तयार होते: वखारी, हमाल, चाऱ्याचे ढीग, नालबंद, सुतार, चाकांना लोखंडी धाव बसवणारा लोहार, तराजू-मापं तपासणारा माणूस, हुंडी वटवणारा सराफ, धर्मशाळा, आणि थकलेल्या लोकांना दारू विकणारे चार गुत्ते. मी यातलं काहीही शोधून काढलेलं नाही. बैल आणि गाडी एवढ्या दोनच गोष्टींतून ते आलं.

तपासा: हे कारण उद्या नाहीसं झालं तर शहर मरेल का? "नाही" असं उत्तर आलं तर कारण कच्चं आहे. "राजाला जागा आवडली" हेही कच्चंच. राजाच्या स्वयंपाकघरात धान्य कुठून येतं ते सांगा.

मरू घातलेलं कारण मात्र सोनं आहे. बेल्जियममधलं ब्रुज हे मध्ययुगातलं मोठं व्यापारी शहर होतं. समुद्राकडे जाणारी त्याची वाट गाळाने भरत गेली आणि व्यापार अँटवर्पकडे सरकला. बंदरात गाळ साचतो आहे, श्रीमंतांना ते कळलंय, गरिबांना सांगितलेलं नाही. एवढ्यावर सहा महिन्यांचं कॅम्पेन चालतं.

## पायरी २: डोकी मोजा, मग पोटं

खेळाच्या पुस्तकात ढोबळ माप दिलेलं आहे: १,००० पर्यंत खेडं, ६,००० पर्यंत गाव, २५,००० पर्यंत शहर. आपण मुंबई-पुण्याची माणसं, म्हणून फॅन्टसी शहराची वस्ती लाखात लिहितो. थांबा. सातवेसला मी शहर म्हणतो, पण पुस्तकाच्या मापाने ते मधल्या आकाराचं गाव आहे, आणि एका कॅम्पेनला ते भरपूर पुरतं.

आता जागा. तटबंदीच्या आत दाटीने राहणारी माणसं हेक्टरी दीडशे धरा. ४,००० माणसांना साधारण २७ हेक्टर लागतात, म्हणजे जेमतेम ६७ एकर. ते गोल धरलं तर व्यास सहाशे मीटरच्या आत. या वेशीतून त्या वेशीत माणूस सात-आठ मिनिटांत चालत जातो! सगळ्यात जास्त चूक इथेच होते. "बाजार ओलांडायला अर्धा दिवस लागतो" असं डीएम सांगतो आणि मग पहारेकरी दोन मिनिटांत कसे पोहोचले हे त्याला समजावता येत नाही.

मग धान्य. माणशी दिवसाला पाऊण किलो धरलं तर सातवेसला रोज ३ टन लागतात. बैलगाडीत अर्धा ते एक टन माल मावतो. म्हणजे फक्त पोट भरायला रोज तीन ते सहा गाड्या वेशीतून आत आल्या पाहिजेत. सरपण आणि चारा वेगळा. बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जाते. म्हणून शहराभोवती एक-दोन दिवसांच्या अंतरावर शेती करणारी खेडी असायलाच हवीत. शहराबाहेर पाऊल टाकताच घनदाट राक्षसी अरण्य सुरू होत असेल तर लोक खातात काय?

पाणीही तसंच. माणशी १५ लिटर म्हटलं तरी रोज ६०,००० लिटर. नदी आहे का? नसेल तर कोण आणतं? चहूबाजूंनी पाणी असूनही व्हेनिस पावसाचं पाणी चौकांखालच्या टाक्यांमध्ये साठवून प्यायचं. पुण्यात पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून हौद भरले. हौद, नळ, टाकी ही साहसाची आयती ठिकाणं आहेत. माणूस वाकून आत शिरू शकेल एवढा बोगदा आणि वर तहानलेलं शहर, आणखी काय पाहिजे?

### मध्येच एक प्रश्न: जादूने पोट भरत नाही का?

कुणीतरी प्लेअर हे विचारणारच, म्हणून हिशेब करून ठेवा. अन्न-पाणी निर्माण करणारा तिसऱ्या पातळीचा मंत्र एका वेळी पंधरा माणसांना एक दिवस पुरतो. पाचव्या लेव्हलचा क्लेरिक (देवाच्या कृपेने मंत्र म्हणणारं पात्र) तो दिवसात दोनदा म्हणू शकतो, म्हणजे तीस माणसं. ४,००० लोकांसाठी असे १३४ क्लेरिक लागतील आणि त्यांना दुसरं काहीच करता येणार नाही. शहर जादूवर जगत नाही. पण तीस शिपायांची गढी जगते! एक क्लेरिक आत असेल तर वेढा घालून तिला उपाशी मारता येत नाही.

आणि ज्या मंत्राकडे कुणाचं लक्ष नसतं तो ड्रुइडचा (निसर्गाच्या शक्तीने मंत्र म्हणणाऱ्या पात्राचा), वनस्पती वाढवणारा. आठ तास बसून तो म्हटला की अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतली शेतं वर्षभर दुप्पट पीक देतात. हे साधारण ५०० एकर झाले, एका दिवसाच्या कामात. महिनाभर हिंडणारा एकच ड्रुइड सातवेसच्या धान्याचं गणित फिरवू शकतो. मग शहराचा खरा मालक कोण? माझ्या कॅम्पेनमध्ये ही बाई वर्षातून एकदा येते, पावसाच्या तोंडावर, आणि तिला कुठली वेस आधी उघडायची यावरून मारामाऱ्या होतात. हा सगळा गोंधळ नियमांच्या पुस्तकातल्या एका ओळीतून निघाला.

सावधान: हे आकडे टेबलावर वाचून दाखवू नका. ते तुमच्यासाठी आहेत. प्लेअरना फक्त वेशीवर पहाटे धान्याच्या गाड्यांची रांग दिसली पाहिजे.

## पायरी ३: माल कोण अडवतं?

माल थांबतो तिथे कुणीतरी हात पुढे करतो. असे तीन हात शोधा. दोन असले तर नुसतं भांडण होतं आणि पाच असले तर प्लेअर गोंधळतात.

सातवेसमध्ये जकातीचा मक्तेदार आहे. त्याने मक्ता कर्ज काढून घेतलाय. हमालांची पंचायत आहे. त्यांनी हात वर केले की माल वखारीतच कुजतो. आणि देवस्थान आहे, कारण शहराचा एकमेव मोठा हौद देवळाच्या आवारात येतो. मक्तेदाराला हमाल हवेत पण मजुरी द्यायची नाही. हमालांना देवळाचं पाणी हवंय, पण पुजारी त्यांना मागच्या दाराने बोलावतो ते सहन होत नाही. देवस्थानाला जकातीतला वाटा हवाय आणि मक्तेदार दोन वर्षं तो चुकवतोय. प्रत्येकाला दुसरा लागतो आणि खुपतोही. कुणीही दुष्ट नाही. पार्टीने कुणाचंही काम घेतलं तरी उरलेल्या दोघांपैकी एक दुखावतो.

चोरांची संघटना सवयीने घालू नका. ती हवीच असेल तर ती कशातून जन्मली ते सांगा. इथे जकात जास्त आहे, म्हणून आडवाटेने माल उतरवणारे आहेत, आणि ते हमालांचेच मेहुणे-भाचे आहेत.

पैशाची तपासणी: खेळात बिनकसबी मजुराला दिवसाला दोन चांदीची नाणी मिळतात. अंगभर पोलादी चिलखताची किंमत १,५०० सोन्याची नाणी, म्हणजे चांदीची १५,०००. मजुराची वीस वर्षांहून जास्त कमाई झाली ती. असलं चिलखत सातवेसच्या लोहाराकडे खुंटीवर टांगलेलं नसतं. तो मागणीप्रमाणे बनवेल, आगाऊ रक्कम घेईल, महिने लावेल. आणि पार्टीने गुत्त्यात सोन्याचं नाणं फेकलं तर सुटे कुणाकडेच नसतात, पण बातमी मात्र संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोहोचते.

## पायरी ४: पेठा, चारच्या वर नाहीत

पुण्याच्या बऱ्याच पेठांना वारांची नावं आहेत. तुमच्या शहरातही पेठांना अशी रोजच्या तोंडची नावं द्या. "व्यापारी विभाग" हे पाटीवर ठीक. माणसं "रविवारात जाऊन येतो" म्हणतात.

कुठला धंदा कुठे, याला कारणं असतात. चामडं कमावणारे आणि रंगारी नदीच्या खालच्या अंगाला, कारण घाण पाणी वरच्यांना नको. लोहार-कुंभार कडेला, भट्टीच्या आगीच्या भीतीने. सराफ मधोमध, पहारा जवळ म्हणून. कोण कुणाच्या पाण्याच्या खाली राहतं हे लिहिलंत की शहरातली उच्चनीचताही लिहून झाली, वेगळं प्रकरण लागत नाही.

प्रत्येक पेठेसाठी तीन ओळी: पायाखाली काय आहे, वास कसला येतो, आणि कुठल्या वेळी ती जागी असते. सातवेसची बैलपेठ: तुडवलेलं शेण आणि कडबा, उकडलेल्या कुळथाचा वास, पहाटे चारला गजबजते, दुपारी सामसूम. एवढं पुरतं. प्लेअर दुपारी तिथे गेले तर सामसूमच सांगा, तेवढ्याने शहर खरं वाटू लागतं.

## पायरी ५: सहा माणसं

तीस एनपीसी (डीएम स्वतः चालवतो ती पात्रं) लिहिणाऱ्यांची मला कीव येते, कारण मी त्यांतलाच होतो. सहा पुरेत: वेशीवर पहिला भेटणारा, जिथे पार्टी झोपणार तिथली मालकीण, तीन हातांपैकी प्रत्येकाचा एक माणूस (प्रमुख नको, त्याच्या हाताखालचा), आणि एक पोरगं जे सगळीकडे हिंडतं.

प्रत्येकासाठी लिहा: आज संध्याकाळपर्यंत त्याला काय हवंय? "शहराचं भलं" नको. वेशीवरच्या शिपायाला जेवायला जायचंय आणि बदली आलेला नाही. मालकिणीला खोली क्रमांक तीनमधला पाहुणा भाडं न देता पळेल अशी शंका आहे. असा माणूस प्लेअरने काहीही विचारलं तरी उत्तर देऊ शकतो, कारण तो आपल्याच काळजीत असतो.

कोण कुणाशी कसं बोलतं तेही एका शब्दात टिपा. शिपाई सरदाराला "जी" म्हणतो, लमाणाला अरे-तुरे करतो, आणि पार्टीतल्या जादूगाराला काय म्हणावं ते त्याला कळत नाही. मराठीत टेबल चालवण्याचा हा मोठा फायदा आहे: तू, तुम्ही आणि आपण यांतच अर्धं पात्र उभं राहतं. तो मक्तेदार पार्टीला "तुम्ही"वरून "तू"वर आला की धोका सांगायला वेगळं काही बोलावं लागत नाही.

सावधान: आवाज काढता येत नसेल तर काढू नका. एक हातवारा पुरतो. माझी मालकीण बोलताना सतत हात पुसते.

## पायरी ६: आता नकाशा

पंधरा मिनिटं. आधी पाणी आणि उतार. मग माल येतो ती वाट आणि जातो ती वाट. ही दोन्ही जिथे भेटतात तिथे बाजार. मग पेठा. तट सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या बाहेरही घरं काढा, कारण शहर वाढतं आणि तट वाढत नाही. रस्ते सरळ पट्टीने आखू नका, बैलाच्या चालीने आखा.

एक जागा मुद्दाम विचित्र सोडा. सातवेस नावाच्या शहराला माझ्या नकाशात सहाच वेशी आहेत. तीन सेशन कुणी बोललं नाही. चौथ्याला एकीने बोटाने मोजल्या.

तपासा: नकाशात अशी इमारत आहे का, जिचं वर्णन तुम्ही कारण न सांगता "असतेच ना" असं कराल? खोडा.

## पायरी ७: पार्टीने काहीच केलं नाही तर?

चार ओळींचं वेळापत्रक लिहा. दिवस १: हमाल मजुरी मागतात. दिवस ३: मक्तेदार बाहेरून माणसं आणतो. दिवस ५: देवस्थान हौदाला कुलूप लावतं. दिवस ७: वखारीला आग. पार्टी मध्ये पडली तर ओळी बदलतील, नाही पडली तर हे होणारच. ते भुयारात चार दिवस घालवून परत आले आणि हौदाला कुलूप दिसलं, की शहर त्यांच्यासाठी थांबून राहत नाही हे त्यांना कळतं.

इथे डीएमचा हात थरथरतो. प्लेअर नसताना आग कशी लावू, असं वाटतं. लावा. फक्त दिवस १ आणि ३च्या खुणा त्यांच्या कानावर आधी पडलेल्या असू द्या, नाहीतर तो अन्याय होतो.

## पायरी ८: टेबलावर

वेशीपासून सुरुवात करा, पण वर्णनाने नाही; रांगेत उभं करून. पुढच्या गाडीवाल्याची झडती चाललीय, मागचा ढकलतोय, शिपायाला भूक लागलीय. शस्त्रं बांधून आत न्यायची असा नियम असेल तर तो इथेच सांगा, नंतर नको.

"इथे जादूच्या वस्तूंचं दुकान आहे का?" हा प्रश्न येईल. सरळ "नाही" म्हटलंत की दार बंद. पायरी १ कडे बघा: माल जिथून जातो तिथे असली वस्तू कधीतरी वखारीत अडकलेली असणार, जकात न भरल्यामुळे. दुकान नाही, पण मक्तेदाराच्या कोठारात एक पेटी आहे. हेच उत्तर बंदरात वेगळं येईल, राजधानीत वेगळं. शहराचं कारण ठरलेलं असलं की ऐनवेळी सुचतं ते त्याच शहराचं असतं.

ऐनवेळी माणूस लागला तर वीस नावांच्या पानावरून पुढचं नाव घ्या आणि लगेच त्याच्यापुढे धंदा लिहा. हे लिहायचं राहिलं की पुढच्या आठवड्यात सराफाचं नाव बदलतं आणि प्लेअरना वाटतं, खून झाला. माझ्याकडे यावरून दोन सेशनचा तपास झालाय!

सेशन संपल्यावर, चहा घेता घेता, दहा मिनिटं वही उघडा. प्लेअरनी कुठली नावं स्वतःहून घेतली त्यांवर खूण करा. ती माणसं पुढे मोठी होतील. ज्याला कुणी विचारलं नाही त्याला बिनदिक्कत दुसऱ्या शहरात हलवा. आणि त्यांनी आपापसात काढलेले अंदाज लिहून ठेवा. सातव्या वेशीबद्दल माझ्या टेबलावर सध्या तीन अंदाज आहेत. त्यांतला एक, ती हौदाच्या तळाशी आहे हा, माझ्या मूळ उत्तरापेक्षा बरा आहे, म्हणून मी मूळ उत्तर खोडलंय.